दोनशे अकरा मीटरखालचे हिवाळे

१

कोअर मोजायची रश्मी खोब्रागडेची एक ठरलेली पद्धत होती, आणि भूवैज्ञानिक म्हणून काढलेल्या सात वर्षांत त्या पद्धतीवर बोट ठेवायला कुणाला जागा सापडली नव्हती. सकाळी साडेसातला शेडचं कुलूप काढायचं, पेट्या उजेडात ओढून घ्यायच्या, ओल्या स्पंजने दगड पुसायचा, मग टेप लावायचा. एकदा आपण मोजायचं, एकदा गुलाबभाऊंना दुसरं टोक धरायला लावून मोजायचं. चहा त्यानंतर. चहा आधी घेतला की मोजण्यात आळस शिरतो, असं तिचं मत होतं आणि ती ते येईल त्याला ऐकवत असे.

चंद्रपूरकडच्या कोरपन्याच्या पुढे, सागाच्या जंगलात, कंपनीने कोळसा शोधायला भोकं पाडायला घेतली होती. मशीन एका दमात तीन मीटर खाली जायचं आणि नळीत अडकलेली दगडाची दांडी वर घेऊन यायचं, मनगटाएवढी जाड. तोच कोअर. त्याचे तुकडे लाकडी पेटीच्या खाचांत खोलीच्या क्रमाने मांडायचे, वहीतल्या ओळींसारखे. तीन मीटर खणलं म्हणून तीन मीटर वर येतोच असं नाही. ठिसूळ दगड वाटेत झिजतो, पावणेतीन येतो, अडीच येतो. जेवढा आला त्याची टक्केवारी म्हणजे रिकव्हरी. नव्वद आली की सगळे खूश. शंभर आली की ड्रिलर दोन दिवस मिशांना पीळ देत हिंडतो. शंभराच्या वर रिकव्हरी येत नाही. तीन मीटरच्या नळीत तीन मीटरच मावतं, त्यासाठी कॉलेजात जावं लागत नाही.

मे महिन्यातल्या त्या सोमवारी रश्मीने अकरा नंबरच्या बोअरचा दोनशे अकरा ते दोनशे चौदा मीटरचा कोअर मोजला. तो तीन मीटर चार सेंटिमीटर भरला.

"गुलाबभाऊ, टेप सरळ पकडा."

"सरळच हाय ना जी." गुलाबभाऊ शेडचे राखणदार, साठीच्या घरातले, आणि रश्मीला चंद्रपूरच्या बाबूपेठेतली पोर म्हणून ओळखणारे. "टेप नाई वाकडा. दगडच लंबा हाय."

तिने दुसरा टेप काढला. तीन मीटर चार. सगळे तुकडे उचलून पुन्हा एकमेकांना लावले. तुटलेली प्रत्येक कड शेजारच्या कडेत घट्ट बसत होती, कुठे फट नव्हती, कुठे परका तुकडा दिसत नव्हता. तिने तिसऱ्यांदा मोजलं. त्या दिवशी तिने चहा घेतलाच नाही.

२

या धंद्यात एक जुनी खोड आहे. कोअर कमी आला की काही ड्रिलर जुन्या भोकातले चार तुकडे त्यात बेमालूम सरकवतात, म्हणजे साहेबाची बोलणी टळतात. रश्मीने असे दोघे पकडले होते आणि दोघांनाही घरी बसावं लागलं होतं. तेव्हा तिचा पहिला संशय कुणावर जाणार हे उघड होतं.

पोचू सिडाम चव्वेचाळीस वर्षांचा. पलीकडच्या गुड्यावर, गोंडांच्या वस्तीत, त्याचं घर. बावीस वर्षं मशीनवर काढलेली. त्याच्या शनिवारच्या कागदावर याच कोअरची लांबी लिहिलेली होती: तीन मीटर बरोबर.

"पोचूभाऊ, खरं सांगा. किती आला होता?"

"तीन मीटर. मीच मोजला."

"आता चार सेंटिमीटर जास्त हाय."

पोचू हसला. थट्टा असावी असं त्याला वाटलं. मग तिचा चेहरा पाहून तो हसायचा थांबला. "जास्त कसा होईन मॅडम? कमी झाला असता त समजलं असतं."

"तेच मी तुमाले विचारून राह्यली."

"मंग तुमी मले चोर म्हणून राह्यल्या काय?"

"मी कायले चोर म्हणू? मी फक्त विचारतो."

"एकच झालं." त्याने खांद्यावरच्या दुपट्ट्याने तोंड पुसलं. "बावीस वर्षात एक तुकडा इकडचा तिकडे नाई केला. कमी आला त कमी लिवला. शिव्या खाल्ल्या. विचारा कोणाले बी."

विचारायची गरज नव्हती. रश्मीला ते माहीत होतं, आणि म्हणूनच तिचा जास्त संताप होत होता. लबाड माणूस असता तर चार ओळी लिहून ती मोकळी झाली असती.

मोबाइलला रेंज फक्त मोहाच्या झाडाखाली यायची. तिथे उभं राहून तिने नागपूरला प्रवीणसरांना फोन लावला. हे तिचे वरिष्ठ. भोक प्रत्यक्षात त्यांनी शेवटचं कधी पाहिलं होतं ते त्यांनाही आठवलं नसतं.

"अरे रश्मी, कॉम्प्युटर शंभरच्या वर आकडा घेतच नाही. लाल होऊन परत येतं. शंभर टाक ना यार, किस्सा खतम."

"सर, ते खोटं होईल."

"मग ड्रिलरने तुकडे टाकले असं लिही. मी उद्याच्या उद्या त्याला काढतो, दुसरा पाठवतो."

"ते पण खोटं होईल."

"मग खरं काय आहे?"

तेच शोधते आहे, असं ती म्हणाली. प्रवीणसर म्हणाले, अहवाल मंजूर झाल्याशिवाय भोकात सिमेंट भरता येत नाही आणि सिमेंट भरल्याशिवाय मशीन बारा नंबरला जात नाही, सगळी माणसं बसून आहेत, तर शुक्रवारपर्यंत काय ते ठरव. तिने फोन खिशात टाकला आणि मोहाच्या खोडाला एक लाथ घातली. लागलं तिलाच.

३

मंगळवारी सकाळी पेटीतला पहिला तुकडा खाचेच्या फळीवर चढून बसला होता.

रश्मीने गुलाबभाऊंकडे पाहिलं. गुलाबभाऊंनी दोन्ही कान पकडले. "मी हात नाई लावला. बुद्धाची शपथ. किल्ली त तुमच्याचपाशी होती."

तीन मीटर सहा सेंटिमीटर.

दगड फुगतो, हे तिला ठाऊक होतं. मातीचा दगड पाणी पितो आणि थोडा सुजतो. पण सुजला तर सगळीकडून सुजेल, भेगा पडतील. हा फक्त एका टोकाला वाढत होता. पहिल्या तुकड्याच्या वरच्या टोकाला, जिथे दोनशे अकरा मीटर असं तिच्याच हाताने लिहिलेलं होतं, तिथे दगड इतरांपेक्षा काळपट होता. तिने नख टोचलं. नख आत गेलं.

तो तुकडा ती ओळखून होती. करडी माती, त्यावर पानांचा काळा पापुद्रा, पुन्हा करडी माती, पुन्हा पापुद्रा. ग्लोसोप्टेरिसची पानं, जिभेच्या आकाराची, एकावर एक निजलेली. अठ्ठावीस कोटी वर्षांपूर्वी हा सगळा मुलूख दक्षिण ध्रुवाच्या अंगाला होता. बर्फ नुकता मागे हटलेला, जिकडे तिकडे दलदल, आणि हिवाळ्यात कित्येक आठवडे सूर्य धड वर येत नसे. तो अंधार यायच्या आधी झाडं आपली सगळी पानं एकदम टाकून देत. एक पापुद्रा म्हणजे एक हिवाळा.

हे तिने गुलाबभाऊंना मागे एकदा सांगितलं होतं. "चंद्रपुरात बर्फ?" म्हणत ते इतके हसले होते की त्यांना ठसका लागला. शेडवरचे पत्रे तेव्हा उन्हाने कडकड वाजत होते.

आत्ताही वाजत होते. बाहेर सेहेचाळीस होतं. रश्मीने तुकडा हातात घेतला आणि पुन्हा पेटीत ठेवला, कारण बोटं बधिर झाली. तुकड्यावर दव धरलं होतं.

ती भिंग घेऊन बसली आणि तिने पापुद्रे मोजले. सोमवारी काढलेल्या फोटोत वरच्या टोकापासून तिने तेव्हा चाकूने केलेल्या खुणेपर्यंत सहा होते. आता नऊ होते. तिने पुन्हा मोजले. मग फोटो खराब आला असेल असं स्वतःला सांगितलं, मग खूण सरकली असेल असं सांगितलं. दगडावर चाकूने केलेली खूण सरकत नाही, हे तिच्या डोक्यातल्या दुसऱ्या कोपऱ्याने तिला लगेच ऐकवलं. तिला रडू यायच्या बेतात होतं, पण ते भीतीने नव्हतं. सात वर्षांची हुशारी घेऊन एका हातभर दगडापुढे आपण ढ ठरतो आहोत, याची ती चीड होती.

"मॅडम," गुलाबभाऊ हळूच म्हणाले, "शंभर लिवून टाका ना जी. कोणाचं काय जाते?"

"तुमी चूप बसा."

ते बाहेर जाऊन बिडी ओढत बसले.

४

बुधवारी सकाळी आणखी दोन सेंटिमीटर वाढले. आता पापुद्रे बारा होते. रश्मीने सगळ्यात वरच्या पापुद्र्याच्या कडेला पिवळ्या खडूने रेघ मारली आणि पोचूला घेऊन भोकाकडे गेली.

तिला एकच शंका तपासायची होती. नळ्या मोजण्यात चूक होऊन खोलीच चुकली असेल, तर निदान कुठेतरी चूक आहे एवढं तरी सापडेल. चूक सापडली असती तर तिने पेढे वाटले असते. मशीन बंद उभं होतं, बाकीची माणसं सुट्टीवर घरी गेली होती. दुपारचे बारा वाजलेले. उन्हाळ्यात साग उघडा पडतो, त्यामुळे सावली म्हणून नव्हती. जमिनीत चार बोटं वर आलेला लोखंडी पाइप, त्यावर झाकण. हाताचा पंजा जेमतेम आत जाईल एवढं ते भोक.

पोचू सोमवारपासून तिच्याशी कामापुरतंच बोलत होता. त्याने दोरीला वजन बांधलं आणि सोडायला सुरुवात केली. दर दहा मीटरला दोरीत गाठ होती. तो मोठ्याने गाठी मोजत होता आणि ती लिहीत होती.

एकविसावी गाठ गेली. भोक दोनशे चौदा मीटरवर संपत होतं, म्हणजे आता चार मीटरनंतर दोरी सैल पडायला हवी होती.

बाविसावी गेली. तेविसावी गेली.

"मॅडम, तळ नाई लागत."

"नीट सोडा."

"नीटच सोडून राह्यलो." त्याने पाइपावर हात धरला आणि तिच्याकडे पाहिलं. दोन दिवसांत पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावरचा राग गेला होता. "इथी हात लावून पाहा. थंड वारा येऊन राह्यला."

तिने हात लावला. वारा येत होता, आणि त्याला ओल्या पाचोळ्याचा वास होता. सगळी दोरी संपली. तीनशे मीटर. दोघांनी मिळून ती वर ओढली. दोरीचा शेवटचा भाग ओला होता आणि इतका गार की पोचूने हाताला दुपट्टा गुंडाळला. वजन वर आलं, त्याला एक पान चिकटलेलं होतं.

तपकिरी, ओलं, लवचिक पान. वीतभर लांब. जिभेच्या आकाराचं. मधली शीर स्पष्ट दिसत होती. सागाचं नव्हे, मोहाचं नव्हे, तेंदूचं नव्हे. रश्मीने ते तळहातावर घेतलं. काळजात लख्ख काहीतरी झालं तिच्या, आनंदच तो. आता कोण मला खोटं पाडतो बघू, असं तिच्या मनात आलं. मग ते पान उन्हात आक्रसलं, काळं पडलं, आणि फोटो काढायला तिने मोबाइल काढेपर्यंत त्याचा भुगा होऊन बोटांतून गळून गेला.

तिने तोंडातून शिवी काढली आणि मान वर केली, कारण उजेड कमी झाला होता.

ढग नव्हता. सूर्य खाली, झाडांच्या बुंध्यांच्या पलीकडे, लालसर आणि बारीक, आणि बाराच वाजलेले. झाडं सगळी एका जातीची होती. वारा पडलेला होता तरी सगळ्या झाडांची पानं एकाच वेळी गळत होती, आणि त्यांच्या पडण्याचा आवाज चहूकडून येत होता. चपलांखाली जमीन दबली. पोचू दहा पावलं पुढे पाठमोरा उभा होता. तो वाकून एक पान उचलत होता. बहुतेक तिच्यासाठी, फोटोसाठी. त्याच्या पलीकडे करडं पाणी होतं. त्या पाण्यात एक रुंद, चपटं डोकं वर आलं आणि सावकाश खाली गेलं.

ती "भाऊ" म्हणाली असेल किंवा म्हणालीही नसेल.

मग डोक्यावर ऊन आदळलं. साग, मशीन, पाइप, दोरीचं वेटोळं. पोचूचा दुपट्टा पाइपाशी पडला होता. तिने हाका मारल्या. सगळीकडून नुसता रातकिड्यांसारखा उन्हाचा आवाज येत होता.

५

ऊन लागलं होतं, हे उघड आहे. सकाळपासून पोटात अन्न नाही, डोक्यावर टोपी नाही, सेहेचाळीस डिग्री. चक्कर आली, मिनिटभर शुद्ध गेली, आणि तेवढ्यात पोचू रागारागाने निघून गेला. पंजा जेमतेम जाईल अशा भोकात माणूस जात नाही. रश्मीने हे स्वतःला इतक्या वेळा सांगितलं की गुरुवारी सकाळपर्यंत ते तिला पाठ झालं होतं.

पोचू गुड्यावर पोचला नव्हता. वनरक्षक येऊन गेले. वाघाचा ठसा नाही, ओढल्याची खूण नाही, रक्त नाही. ठाण्यात नाव लिहून घेतलं आणि दोन दिवस वाट पाहा म्हणून सांगितलं.

दुपारी त्याची बायको सुगंधाबाई शेडवर आली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर रश्मीला बरं वाटलं असतं. ती दाराशी बसली आणि म्हणाली, "तुमी त्याले चोर म्हणलं काय?"

"मी नाई म्हणलं तसं."

"घरी येऊन जेवला नाई. म्हणे, बावीस वर्षाचं नाव गेलं. त्याले मार सहन होते, पण हे सहन नाई होत." तिने दुपट्टा मागून घेतला आणि मांडीवर घडी घातली. "तुमी लिवलं काय तसं कागदावर?"

"अजून काहीच नाई लिवलं."

"मंग चांगलं लिवा. त्याचं नाव साफ झालं म्हणून समजलं त येईन तो. लेकरावानी हाय त्याचा राग."

ती गेल्यावर रश्मी मोहाच्या झाडाखाली लॅपटॉप घेऊन बसली. एका चांगल्या माणसाला आपण आकड्यासाठी घराबाहेर काढला, ही गोष्ट तिला आतून कुरतडत होती. सत्य, सत्य म्हणून आपण मिरवतो आणि त्याची किंमत दुसरा देतो. तिने रिकव्हरीच्या चौकोनात शंभर लिहिलं. शेऱ्यात लिहिलं, 'ड्रिलर पोचू सिडाम यांचे काम अत्यंत प्रामाणिक व उत्कृष्ट.' सात वर्षांत तिने लिहिलेला हा पहिला खोटा आकडा. बटण दाबताना तिला हलकं वाटलं.

दहा मिनिटांत मंजुरी आली. एवढी घाई त्या ऑफिसने कधी पगारातही दाखवली नव्हती.

शुक्रवारी सकाळी दुसरी टोळी आली, अकरा नंबरच्या भोकात तळापासून वरपर्यंत सिमेंट भरलं आणि मशीन घेऊन बारा नंबरकडे गेली. सिमेंट नेहमीपेक्षा फार जास्त लागलं, असं त्यांचा मुकादम कुरकुरत होता. रश्मीने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. ती ऊन लागल्याचं औषध घेऊन तंबूत पडून होती.

६

शनिवारी पेट्या बंद करून ट्रकमध्ये चढवायच्या होत्या. गुलाबभाऊ खिळे आणि हातोडी घेऊन तयार होते. झाकण लावण्याआधी रश्मीने टेप काढला. "आता कायले मोजता?" गुलाबभाऊ म्हणाले, आणि तिलाही ते पटलं, पण हाताला सवय होती.

तीन मीटर चौदा.

पिवळी रेघ आता सहा सेंटिमीटर आत गेली होती. तिच्यावर नऊ नवे पापुद्रे चढले होते. बुधवार, गुरुवार, शुक्रवार. दिवसाला तीन. भिंग लावायच्या आधीच तिला त्यांत काहीतरी वेगळं दिसलं. प्रत्येक पापुद्र्यावर, एकाच जागी, अंगठ्याच्या नखाएवढा काळा डाग होता.

तिने टोकावरचा डाग बोटाने पुसला. बोट काळं झालं. दगडी कोळसा असा बोटाला लागत नाही, हा लाकडाचा होता. वीज पडते, जंगल पेटतं, त्या काळीही पेटायचं. असा कोळसा तिने खूप पाहिला होता. पण वणवा आडवा पसरतो. हे डाग पसरले नव्हते. आणि प्रत्येक डागाखालची माती भाजून लाल झालेली होती, चुलीखालची होते तशी.

नऊ हिवाळे. दर हिवाळ्यात कुणीतरी त्याच जागी शेकोटी पेटवली होती.

पोचूच्या खिशात आगपेटी असायचीच. पण आगपेटी नऊ हिवाळे पुरत नाही, असं तिने स्वतःशी म्हणून पाहिलं. जाळ विझू न देणारी माणसं तिने याच जंगलात पाहिली होती. त्याने जागा का बदलली नव्हती, ओल्या दलदलीत नेमकी तीच जागा का धरून ठेवली होती, हे तिला त्यानंतर कळलं. या दगडाच्या दांडीच्या बरोबर वर भोक होतं. तो भोकाखाली बसला होता.

हातोडी खाली पडल्याचा आवाज झाला. गुलाबभाऊ तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. ती त्यांना ढकलून धावत सुटली, दोन किलोमीटर, चपला वाटेत कुठेतरी राहिल्या. अकरा नंबरच्या जागी पाइपाच्या तोंडापर्यंत सिमेंट भरलेलं होतं आणि त्यावर तारखेसोबत कुणीतरी बोटाने सुबक अक्षरात 'बंद' असं लिहिलं होतं. तिने दगड घेऊन त्यावर मारायला सुरुवात केली. अर्ध्या तासात तिने नखाएवढा टवका काढला.

७

त्यानंतर तिने कुणाला काय काय सांगून पाहिलं ते लिहिण्यात अर्थ नाही. प्रवीणसरांना तिने सांगितलं की आकडा खोटा आहे, भोक पुन्हा पाडा. ते म्हणाले, मंजूर झालेला अहवाल उघडत नाही. शेजारी दुसरं भोक पाडा म्हणाली, तर त्यांनी विचारलं कशासाठी. अखेर ती खरं बोलली.  मग प्रवीणसर फार मायेने म्हणाले की पंधरा दिवस सुट्टी घे, घरी जाऊन आराम कर. माणूस वेडा ठरला की त्याच्याशी किती गोड बोलतात, हे तिला त्या दिवशी समजलं. ठाण्यात तिने पेटी नेली. हवालदाराने दगड बघितला, तिच्याकडे बघितलं, आणि पाणी मागवलं.

नव्या टोळीच्या मुकादमाच्या तर तिने पाया पडायचंच बाकी ठेवलं होतं. तो म्हणाला, वरून कागद आणा.

ती पेटी तिने ट्रकमध्ये चढू दिली नाही. रोज सकाळी साडेसातला ती भिंग घेऊन बसायची. दिवसाला तीन पापुद्रे, तीन डाग. बारा. पंधरा. एकविसाव्या हिवाळ्यात डाग नव्हता, तेव्हा ती रात्रभर पेटीशीच बसून राहिली. बाविसाव्यात तो पुन्हा होता. चोविसाव्यानंतर डाग लहान होत गेले. थोडी लाकडं लावली असावीत. लांबून ओढून आणण्याची ताकद कमी झाली असावी. असावी, असावी. तिला खात्रीने काही म्हणता येत नव्हतं आणि गप्पही बसवत नव्हतं.

अकराव्या दिवशी, रविवारी सकाळी, सुगंधाबाई पुन्हा आली. सोबत डबा होता, रश्मीसाठी. पोरगी जेवत नाही असं गुलाबभाऊंनी तिला सांगितलं होतं.

"तुमी शंभर लिवलं म्हणे. गुलाबभाऊंनं सांगतलं. चांगलं काम म्हणून बी लिवलं."

"हो."

"लय चांगलं केलं." ती पेटीशी टेकून बसली. दुपट्टा तिच्या खांद्यावर होता. "तेलंगणात गेला असन. तिकडे बी मशीनी चालतात. येईन. अजून पन्नाशी बी नाई आली त्याची, काटक हाय. दिवाळीपर्यंत लागले तरी मी वाट पायतो. पाच-सहा मयने काय, कवाच निंगून जातात."

रश्मीच्या डोक्यात आकडा आपोआप झाला. पाचशे हिवाळे. आजवरचे तेहतीस झाले होते. चव्वेचाळीस आणि तेहतीस, सत्त्याहत्तर. तिने भिंग डोळ्याला लावलं. आजच्या तीन पापुद्र्यांपैकी पहिल्यावर डाग होता, मुगाच्या दाण्याएवढा. दुसऱ्यावर होता, राळ्याएवढा. तिसरा अजून ओला होता. त्यावर एक पान सपाट निजलेलं होतं. तिने चिमट्याने पान उचललं. खालची माती स्वच्छ होती. तिने भिंग पुसलं, तुकडा उजेडाकडे फिरवला, पुन्हा पाहिलं.

सुगंधाबाई डब्याचं झाकण उघडत होती. "मॅडम, पण त्याले कोणी सांगतलं काय? का त्याच्यावर आता काही आळ नाई म्हणून?"

रश्मीने पान होतं तसं परत ठेवलं.

"नाई," ती म्हणाली. "कोणीच नाई सांगतलं."